नवरा ख्रिस्ती झाला, ती झाली नाही… 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

नागपूरहून रामटेकला निघालं की आधी कामठी लागते, मग कन्हान नदी. पुढे वाटा फुटतात. एक वाट उत्तरेला वळून रामटेकच्या गडाकडे जाते, तर हावड्याची रेल्वेलाइन पूर्वेला भंडारा, गोंदिया करत छत्तीसगडात शिरते.

या भागातल्या प्रवासांनी माणसं बदलल्याच्या कथा जुन्या आहेत. तेराव्या शतकात गुजरातेतला एक तरुण रामटेकच्या यात्रेला जातो असं सांगून घराबाहेर पडला. वाटेत ऋद्धिपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले आणि तो परत गेलाच नाही. पुढे तो चक्रधर स्वामी म्हणून ओळखला गेला. महानुभाव परंपरा ही कथा आजही सांगते.

त्यानंतर सहाशे वर्षांनी, १८९३ च्या सुमाराला, नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या गाडीत एक तिशीतला चित्पावन ब्राह्मण बसला होता. संस्कृतचा पंडित, कवी आणि खिसा कायम रिकामा. डब्यात एक गोरा माणूस चढला. दोघांच्या गप्पा रंगल्या, त्याही कवितेवर. उतरताना त्या अनोळखी माणसाने बायबलचा नवा करार त्याच्या हातात ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील, असं भाकीत करून तो निघून गेला.

त्या पंडिताचं नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे, हे 'फुलांमुलांचे कवी'.

भाकीत खरं ठरलं. टिळकांच्या चरित्रात हा प्रसंग हमखास येतो आणि तो आहेही तसाच नाट्यमय. पण त्या डब्यात एक व्यक्ती नव्हती. टिळकांच्या हातात आलेल्या त्या पुस्तकाची किंमत पुढची कित्येक वर्षं तिला मोजावी लागणार होती, आणि तिला धड लिहिता-वाचता यायला लागलं होतं तेही नवऱ्यानेच शिकवलं म्हणून. ही गोष्ट तिची, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणायचे. आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने ठाण मांडलं. हे सोवळं साधंसुधं नव्हतं. बाजारातून आलेली जवळपास प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, पाणी कोणी भरलं, याच हिशेबात दिवस जायचा. आजचे डॉक्टर याला वेगळं नाव देतील. त्या काळी त्याला कडक धर्माचरण म्हणत. त्यात होरपळायच्या त्या बायका आणि पोरं. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सगळं लिहिलं, पण वडिलांवर राग काढला नाही. वाचणाऱ्याला हसू येईल असं लिहिलं आणि तरीही त्या घरातली भीती लपवली नाही.

हे बालपण लक्षात ठेवा, कारण धर्म म्हणजे स्वयंपाकघरातलं पाणी, हे समीकरण त्या मुलीच्या मनात इथेच पक्कं झालं.

अकरा-बारा वर्षांची असताना, १८८० च्या सुमाराला, तिचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. मनूची लक्ष्मी झाली. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवितेची आवड असलेली त्याची आई लवकर गेली होती आणि वडिलांचा स्वभाव अतिशय कठोर होता. पोराने घर सोडून नाशिक गाठलं आणि तिथे संस्कृतचं शिक्षण घेतलं. इंग्रजी शाळा मध्येच सुटली, पण बुद्धी मात्र अफाट.

आणि स्वभाव? आज इथे तर उद्या तिथे. नोकरी धरायची आणि सोडायची. मनात आलं की न सांगता घराबाहेर पडायचं. घरात उद्याच्या धान्याची सोय नसताना हातचा पैसा गरजू माणसाला देऊन टाकायचा. भांडण झालं की रागावून जायचं आणि मग स्वतःच कासावीस होऊन परत यायचं. प्रेम मात्र खरं. अशा माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईला विनोदबुद्धी नसती तर तिचं काय झालं असतं, हा प्रश्न 'स्मृतिचित्रे' वाचताना पानोपानी पडतो.

भटकंती करत टिळक नागपूरला आले. तिथल्या श्रीमंत बुटी घराण्यातल्या आप्पासाहेब बुटींनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी आश्रय दिला. टिळक 'ऋषी' नावाचं मासिकही चालवत होते. वरवर पाहता सगळं ठीक होतं, पण आत खदखद होती. जातिभेद पाळणारा धर्म त्यांना पटत नव्हता आणि धर्माशिवाय राहणंही जमत नव्हतं. एका टप्प्यावर तर आपणच एक नवा धर्म मांडावा, असंही त्यांच्या मनाने घेतलं. त्याच काळात त्यांनी राजनांदगावची वाट धरली. वैरागी महंतांचं ते छोटंसं संस्थान होतं. गाडीतली ती भेट या प्रवासातली.

टिळकांनी नवा करार वाचायला घेतला तो विद्यार्थ्यासारखा, खुणा करत करत. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवर प्रेम करा, कोणाचा न्याय करू नका, शोक करणारे धन्य, अशी शिकवण असलेला हा भाग त्यांना सोडवेना. आपण जे धुंडाळत होतो ते इथे आहे, असं त्यांना वाटू लागलं. मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला, सुरुवातीला नाव लपवून, कारण नाव कळलं तर काय होणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काय होणार होतं?

त्या काळात ब्राह्मणाने ख्रिस्ती होणं म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने मरणं. नीळकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई यांची उदाहरणं समोर होती. जो जाई त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळे होत. पण गेलेल्याची बायको मागे राहिली तर तिचं काय? तिच्या कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. ती सवाशीण की विधवा? याचं उत्तर कोणत्याच शास्त्रात नीट सापडत नव्हतं.

कायद्यात मात्र एक उत्तर होतं. १८६६ साली इंग्रज सरकारने खास याच पेचासाठी कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर धर्मांतर केलेल्याला कोर्टातून ते लग्न मोडून घेता येत असे आणि मग दुसरं लग्नही करता येत असे. टिळकांसमोर ही वाट उघडी होती. ते त्या वाटेला गेले नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनमध्ये, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. पदरात दत्तू नावाचा लहानगा मुलगा. त्याच्याआधीच्या मुलांचं मरण त्यांनी पाहिलं होतं. आता नवरा असा गेला.

बातमी कळल्यावर लक्ष्मीबाई जवळजवळ वेड्या झाल्या. जीव द्यावा, असंही त्यांना वाटलं. लोक भेटायला येत ते कोणी मेल्यावर येतात तसे. कोणी टिळकांना शिव्या देई, कोणी हिच्या नशिबाला. आणि दोन्ही ऐकताना हिला त्रास होई, कारण नवऱ्याला कोणी नावं ठेवलेलीही तिला खपत नव्हती. बहिणीच्या कुटुंबाने आधार दिला आणि लक्ष्मीबाई पंढरपूरला राहिल्या. तिथे विठोबा होता, वारी होती, गर्दी होती. याच एकटेपणात त्यांना कविता सुचू लागल्या. नवऱ्याने शिकवलेली अक्षरं नवऱ्याच्याच विरहावर खर्च होऊ लागली.

रामटेकचा इथे पुन्हा संबंध येतो. कालिदासाच्या 'मेघदूता'तला यक्ष ज्या रामगिरीवर बायकोच्या विरहात वर्षभर झुरला, तो रामगिरी म्हणजे रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं आणि विदर्भातल्या लोकांना ते मनापासून पटलेलं आहे. आज तिथे कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही आहे. संस्कृत पंडित असलेल्या टिळकांना तो यक्ष नवा नव्हता. फरक इतकाच की यक्षाची शिक्षा एका वर्षाची होती, ती कधी संपणार हे त्याला माहीत होतं आणि निरोप न्यायला ढगही मिळाला. इथे दोघांच्या मध्ये डोंगर-नद्या नव्हत्याच. नगर आणि पंढरपूर यांत असं अंतर ते काय! मध्ये होता पाण्याचा एक तांब्या.

यक्षाच्या बायकोला काय वाटलं हे कालिदासाने यक्षाच्या तोंडूनच सांगितलं. लक्ष्मीबाईंनी आपली बाजू स्वतः लिहिली.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या कामात रुजले. तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवत. बायकोमुलासाठी जीव तुटत होता. पत्रं, भेटी, रुसवे, रडणं, सगळं झालं. शेवटी लक्ष्मीबाईंनी ठरवलं की नवऱ्याजवळ जायचं.

जायचं, पण ख्रिस्ती व्हायचं नाही. आपलं पाणी वेगळं, आपली चूल वेगळी, आपलं सोवळं आपल्यापाशी. टिळकांनी ही अट मान्य केली. आपला धर्म बायकोवर लादायचा नाही, हा शब्द त्यांनी पाळला. त्या काळातल्या नवऱ्याकडून, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हे अजिबात गृहीत धरता येत नव्हतं.

म्हणजे कल्पना करा. एकाच संसारात दोन चुली. एकीकडे मिशनमधली माणसं येतायत-जातायत. त्यांतले बरेच जण पूर्वीचे महार-मांग समाजातले. त्यांच्याशी नवरा मांडीला मांडी लावून जेवतोय आणि बायको आपली घागर कोणाचा हात लागू नये म्हणून जपतेय. जलालपूरच्या वडिलांचं सोवळं मिशनच्या आवारात येऊन पोचलं होतं.

हे चाललं तोवर चाललं. मग मात्र लक्ष्मीबाईंच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. घोड्याची जात वेगळी, गाढवाची वेगळी, हे डोळ्यांना दिसतं. पण ब्राह्मण आणि महार यांच्यातला भेद डोळ्यांना कुठे दिसतो? देवाने केला असता तर तो दिसला नसता का? मग हा माणसानेच केलेला असणार. यासाठी त्यांनी कुठला ग्रंथ वाचला नाही की कोणाचं व्याख्यान ऐकलं नाही. स्वतःशीच विचार केला आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागायचं ठरवलं. पाणी आणि अन्न यांवरची बंधनं त्यांनी तोडून टाकली.

त्यांच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण कोणता असेल तर तो हा. बाप्तिस्मा नंतर आला. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली, तीही हिंदू म्हणूनच, आणि त्यानंतर धर्म बदलला. लोक समजतात की नवऱ्यामागून बायको गेली. नवरा एका पुस्तकातून आणि कित्येक वर्षांच्या तात्त्विक शोधातून जिथे पोचला, तिथे ही बाई पाण्याच्या घागरीतून पोचली, आणि तिला वेळ लागला तो तिचा स्वतःचा. बाप्तिस्मा १९०० साली झाला. मुलगा दत्तूही सोबत होता.

इथे सिनेमा संपला असता. संसार मात्र सुरूच राहिला आणि श्रद्धा मिळाली म्हणून दुःख काही थांबलं नाही.

पैसा कधीच पुरला नाही. टिळकांचा हात आधीसारखाच सढळ, त्यात आता ख्रिस्ती सेवाधर्माची भर. अनाथ पोरं, निराधार बायका, भुकेले विद्यार्थी, कोणालाही टिळक घरी घेऊन येत आणि घर चालवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंची. अशांपैकीच एक होता त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, त्यात या पोरसवदा कवीचं कौतुक झालं. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. लक्ष्मीबाईंनी त्याला घरच्या मुलासारखं वागवलं, त्याच्या लहरी आणि रुसवे सांभाळले. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस.

टिळकांची श्रद्धाही एका जागी स्थिर राहणारी नव्हती. ते १९०४ साली रीतसर पाळक झाले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन करू लागले, अभंगांच्या चालीत शेकडो भजनं लिहिली. महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये रविवारी ती आजही टाळ-मृदंगावर म्हटली जातात. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून, अशी त्यांची धारणा होती. पण साहेबी वळणाच्या चर्चमध्ये त्यांचा जीव गुदमरत होता. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे परकं व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. अखेर १९१७ साली त्यांनी मिशन सोडलं आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही एकत्र यावं असा ख्रिस्तभक्तांचा मेळा. साताऱ्याला आश्रम सुरू झाला.

विचार मोठा होता, पण मिशन सोडलं म्हणजे पगारही सोडला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर लक्ष्मीबाईंनी पुन्हा एकदा रिकाम्या डब्यांचा संसार मांडला. या वेळी त्यांना वेगळं राहायचा विचार शिवला नाही. भांडण मात्र केलं असणार, ते त्यांनी कधी सोडलं नव्हतं.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला आणि रक्षा नगरला नेली. ख्रिस्ती पाळकाचं दहन! त्या काळी ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना कोड्यात टाकणारी होती.

आणि मागे राहिलं एक अर्धवट पुस्तक.

टिळकांनी १९०९ च्या सुमाराला 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं. येशूचं चरित्र ओवीबद्ध, जसं रामायण तसं ख्रिस्तायन. दहा-अकरा अध्याय झाले आणि काम थांबलं. ते पुढे कोण नेणार? संस्कृत जाणणारे पंडित होते, धर्मशास्त्र शिकलेले पाळक होते. लेखणी उचलली ती कधीच शाळेत न गेलेल्या विधवेने. नातवंडांचा गलका, आजारपणं आणि घरकाम यांतून वेळ काढून लक्ष्मीबाईंनी तब्बल ६४ अध्याय लिहिले. नवऱ्याने जेवढं लिहिलं होतं त्याच्या साधारण सहापट.

एवढं करूनही लोक त्यांना ओळखतात ते दुसऱ्याच पुस्तकामुळे. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा त्याचा आग्रह. लक्ष्मीबाई लिहू लागल्या त्या घरात बोलत तशाच भाषेत. विरामचिन्हांची फिकीर नाही, अलंकार नाहीत. नवऱ्याच्या आठवणी लिहिता लिहिता त्यांचं स्वतःचं आयुष्य कागदावर उतरलं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला आणि मराठी वाचकांनी तो डोक्यावर घेतला. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत आज ते गणलं जातं. ऐंशीच्या दशकात विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला. सुहास जोशींनी साकारलेल्या लक्ष्मीबाई त्या पिढीच्या प्रेक्षकांना अजून आठवतात.

हे पुस्तक वाचणाऱ्याला एक गोष्ट चकवते. ख्रिस्ती झाल्यावर सगळं छान झालं, असं त्यात कुठेही नाही. जुना धर्म वाईट आणि नवा चांगला, असा निवाडाही नाही. सोवळ्याचं वेड असलेले वडील, कठोर सासरे, पंढरपूरची माणसं, मिशनमधली माणसं, सगळी एकाच नजरेने पाहिलेली. देवावरचा विश्वास आहे, पण तो पाठ केलेल्या वाक्यांतून येत नाही. तो येतो भाकरी थापताना, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं असताना, नवरा पुन्हा सगळे पैसे वाटून आल्यावर त्याच्याकडे बघून कपाळावर हात मारताना.

आठवणी कराचीपर्यंत येऊन थांबतात. देवदत्तांच्या नोकरीमुळे कुटुंब तिकडे गेलं होतं. पुढे त्या नाशिकला परतल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, जलालपूरपासून काही मैलांवर, गोदावरीच्याच काठच्या त्या गावात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग त्याच वर्षी निघाला. 'ख्रिस्तायन' छापून यायला १९३८ उजाडलं. सुरुवातीचे अध्याय टिळकांचे, मधले ६४ लक्ष्मीबाईंचे आणि शेवटचा एक दत्तूने लिहिलेला.